विद्याधरांचे सुवर्णयुग

गेल्या पावसाळ्यात मुकुंदवाडीतील एका तरुणाने आमच्यापुढे एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणून ठेवले. पुस्तक होते टोल्कीन यांचे 'द सिल्मरिलियन'. ऑक्सफर्ड विद्यापीठात भाषा व प्राचीन साहित्य शिकविणारे हे प्राध्यापक १९७३ साली वारले आणि त्यानंतर चार वर्षांनी त्यांच्या मुलाने हे पुस्तक प्रसिद्ध केले. एल्फ नावाची, मानवाहून सुंदर आणि वार्धक्याने न मरणारी एक जमात त्यात आहे. सूर्य व चंद्र निर्माण होण्यापूर्वी एक रुपेरी आणि एक सोनेरी अशा दोन वृक्षांच्या प्रकाशात तिने भोगलेल्या सुवर्णयुगाची हकिगत ग्रंथकाराने मोठ्या निष्ठेने रचली आहे. तरुणाने विचारले, "फादर, आपल्याकडे असं कुणी नव्हतं का?"

आम्ही म्हणालो, "होते की. विद्याधर."

तो हसला. विद्याधर हे त्याच्या लेखी शेजारच्या एका काकांचे नाव होते. त्याचे हसणे आम्हांस लागले, आणि त्याहून अधिक लागले ते हे की, ज्या कथेत या विद्याधरांचे साम्राज्य उभे राहिले तिचा कर्ता परंपरेने आमच्या शहरापासून अवघ्या पन्नास किलोमीटरांवरच्या पैठणचा मानला आहे, आणि तरीही हा मुलगा त्यांना ओळखत नव्हता. त्या दिवशी त्याला जे थोडे सांगितले आणि नंतर ग्रंथ चाळून जे अधिक ध्यानी आले, ते येथे मांडत आहोत.

प्रथम हे विद्याधर दिसतात कसे ते पाहू. त्यासाठी दूर जावयास नको. बीबी का मकबऱ्याच्या मागे शहराच्या उत्तरेस जी डोंगराची ओळ आहे, तिच्यात औरंगाबाद लेणी कोरलेली आहेत. त्यांतील सातवे लेणे इसवी सनाच्या सहाव्या-सातव्या शतकातले. त्याच्या ओसरीत अवलोकितेश्वराची मोठी प्रतिमा असून आग, चोर, बेड्या, बुडते जहाज, सिंह, साप, हत्ती आणि मृत्यू या आठ भयांत सापडलेली माणसे तिच्या दोन्ही अंगांस हात जोडून उभी आहेत. वरच्या भागात हार घेऊन हवेतून येणाऱ्या आकृती आहेत. गुडघ्यात मागे दुमडलेले पाय, वाऱ्यावर उडणारा शेला, हातात फुलांची माळ ही विद्याधरांची खूण. पंख नाहीत. आमच्या वाचकांना चर्चमधील पंख असलेल्या देवदूतांची सवय असते; म्हणून हे मुद्दाम सांगितले. आमच्याकडच्या शिल्पकाराने उडण्याचा सगळा भार पायांच्या वळणावर टाकला. वेरूळच्या कैलास लेण्याच्या भिंतींवर आणि अजिंठ्याच्या चित्रांतही अशाच आकृती विहरत असतात. पर्यटक वर पाहत नाहीत, मार्गदर्शकाला घाई असते, त्यामुळे बहुतेकांची आणि त्यांची गाठच पडत नाही.

विद्याधर म्हणजे विद्या धारण करणारा. येथे विद्या शाळेतली नव्हे. आकाशगमन, रूप पालटणे, अदृश्य होणे अशा सिद्धींना कथेत 'विद्या' म्हटले आहे, आणि त्या गमावताही येतात. देव, गंधर्व, यक्ष यांच्या मांदियाळीत विद्याधर सर्वांत माणसाजवळचे. ते प्रेमात पडतात, मत्सर करतात, भाऊबंदकी करतात, शाप मिळून खाली कोसळतात. मुख्य म्हणजे माणूस विद्याधर होऊ शकतो. टोल्कीनच्या जगात एल्फ आणि मानव यांच्यामधली भिंत मोजके अपवाद सोडता पक्की आहे. आमच्या कथेत त्या भिंतीला दार आहे आणि ते दोन्ही बाजूंनी उघडते.

ही कथा म्हणजे गुणाढ्याची 'बृहत्कथा'. तिची एकही मूळ प्रत आज अस्तित्वात नाही. आहेत ती तिची रूपांतरे. आणि त्यांपैकी काश्मिरी रूपांतरात तिच्या जन्माची जी हकिगत आली आहे, ती आम्हांस मूळ कथेइतकीच मोलाची वाटते.

प्रतिष्ठान नगरीत, म्हणजे आमच्या पैठणात, सातवाहन राजाच्या पदरी गुणाढ्य हा पंडित मंत्री होता. एकदा राजा राण्यांसह जलक्रीडा करीत असता पाण्याच्या माऱ्याने थकलेली एक राणी त्याला संस्कृतात म्हणाली, 'मोदकैः' मारू नका. मा आणि उदकैः, म्हणजे पाण्याने नको, असा तिचा अर्थ. राजाला संधी उकलला नाही. त्याने ताबडतोब मोदक मागविले. राणी हसली, दासदासी हसल्या, आणि राजा अन्नपाणी टाकून आत बसला. मला संस्कृत येत नाही, तर हे राज्य कशाला, असे त्याच्या मनाने घेतले. गुणाढ्य म्हणाला, व्याकरणाला बारा वर्षे लागतात, मी महाराजांना सहा वर्षांत शिकवीन. दुसरा मंत्री शर्ववर्मा म्हणाला, मी सहा महिन्यांत शिकवीन, न जमल्यास बारा वर्षे गुणाढ्याच्या पादुका डोक्यावर वाहीन. गुणाढ्य इरेस पेटला. तुला हे जमले, तर संस्कृत, प्राकृत आणि देशी भाषा या तिन्ही मी सोडीन, असा त्याने पण केला. शर्ववर्म्याने 'कातंत्र' नावाचे सुटसुटीत व्याकरण रचून राजाला सहा महिन्यांत तयार केले.

गुणाढ्य बोलावयाचा थांबला. माणसांच्या तिन्ही भाषा त्याच्या हातून गेल्या होत्या. दोन शिष्यांना घेऊन तो विंध्याच्या अरण्यात गेला. तेथे पिशाचांचे बोलणे ऐकून त्याने त्यांची भाषा, पैशाची, आत्मसात केली. आणि शापाने पिशाच झालेल्या काणभूती नावाच्या यक्षाच्या तोंडून विद्याधरांच्या सात चक्रवर्तींची कथा ऐकली. सात वर्षे बसून सात लाख श्लोकांत ती लिहिली. अरण्यात शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्ताने लिहिली. शिष्य पोथी घेऊन सातवाहनाकडे गेले. नवशिक्या राजाने नाक मुरडले: सात लाख श्लोक, भाषा पिशाचांची, अक्षरे रक्ताची, धिक्कार असो! पोथी परत आली. गुणाढ्याने एका टेकडीवर अग्निकुंड पेटविले. एकेक पान तो पशुपक्ष्यांना वाचून दाखवी आणि अग्नीत टाकी. हरणे, रानडुकरे, रेडे चरणे सोडून डोळ्यांत पाणी आणून भोवती उभे राहिले. इकडे राजाची प्रकृती बिघडली, कारण मुदपाकखान्यात येणारे मांस सुकलेले होते. शिकाऱ्यांना विचारले, तेव्हा जनावरे काही खात नाहीत, एका ब्राह्मणाची कथा ऐकत उभी असतात, हे उघडकीस आले. राजा धावत गेला. तोवर सहा लाख श्लोकांची राख झाली होती. एक लाख उरले होते, ते नरवाहनदत्ताच्या चरिताचे. शिष्यांना ते आवडे म्हणून शेवटासाठी ठेवले होते.

या आख्यायिकेवर इतिहास म्हणून कितपत विसंबावे? सातवाहन ऐतिहासिक होते, पैठण त्यांची राजधानी होती आणि इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक दर्यावर्द्याच्या टिपणात दख्खनच्या मोठ्या बाजारपेठांमध्ये पैठणचे नाव आहे. मात्र नाणेघाट व नाशिक येथील सातवाहनांचे लेख प्राकृतात आहेत, आणि त्यांच्यापैकी हाल राजाच्या नावावर असलेली 'गाथा सप्तशती' महाराष्ट्री प्राकृतात. संस्कृत येत नाही म्हणून सातवाहन राजाने कोंडून घ्यावे, अशी त्या दरबाराची रीत दिसत नाही. ही लाज पुढच्या काळातील कथाकारांनी त्याच्या गळ्यात बांधली असावी. शिवाय नेपाळातील परंपरा गुणाढ्याला मथुरेचा ठरविते आणि त्याला उज्जयिनीच्या राजाच्या पदरी ठेवते. तेव्हा पैठणचा हक्क निर्विवाद नाही, हे आम्ही पैठणच्या प्रेमापोटीही लपविणार नाही. बृहत्कथा मात्र खरोखर होती. सातव्या शतकात बाणभट्टाने तिचा गौरवाने उल्लेख केला आहे, दंडीने ती भूतभाषेत असल्याचे नमूद केले आहे, आणि नवव्या शतकात दूर कंबोडियातील शिलालेखातही गुणाढ्याचे नाव आढळते.

टोल्कीन म्हणत की, त्यांनी आधी एल्फांच्या भाषा घडविल्या आणि त्या बोलणारे कोणी हवे म्हणून नंतर कथा रचली. आमचा गुणाढ्य उलट वाटेने गेला. तीन भाषा हरवल्यावर, जिला कोणी भाषा म्हणून मान देत नव्हते अशा बोलीत त्याला सुवर्णयुग सापडले.

त्या एक लाख श्लोकांचेही पुढे रूपांतरच हाती आले. अकराव्या शतकात काश्मीरात क्षेमेंद्राने 'बृहत्कथामंजरी' आणि सोमदेवाने 'कथासरित्सागर' संस्कृतात रचले. सोमदेवाचा ग्रंथ अठरा लंबकांचा आणि एकवीस हजारांहून अधिक श्लोकांचा. तो त्याने अनंत राजाच्या राणीसाठी, सूर्यमतीसाठी, तिच्या मनास विरंगुळा व्हावा म्हणून लिहिला. विरंगुळ्याची तिला गरजही होती. नवरा आणि मुलगा कलश यांच्यात गादीवरून वितुष्ट आले होते. १०८१ साली अनंताने आत्महत्या केली आणि सूर्यमतीने त्याच्या चितेत उडी घेतली. घर असे मोडत असताना ही बाई हिमालयावरील विद्याधरांच्या वैभवाच्या कथा ऐकत होती. नेपाळात बुधस्वामीने केलेले आणखी एक रूपांतर १८९३ साली हरप्रसाद शास्त्री यांना सापडले. ते अपुरे आहे, तथापि जाणकारांच्या मते मुळाच्या अधिक जवळचे. जैनांनी 'वसुदेवहिंडी'त हीच कथा कृष्णाच्या पित्याच्या नावाने सांगितली, आणि तीही महाराष्ट्री प्राकृतात.

आता सुवर्णयुगाकडे वळू. सोन्याचा प्रत्यक्ष पाऊस पडला तो जीमूतवाहनाच्या कथेत. हिमालयाच्या शिखरावर कांचनपूर नावाची विद्याधरांची नगरी होती. राजवाड्याच्या उद्यानात कुळाला पिढ्यान्पिढ्या लाभलेला कल्पवृक्ष होता. राजपुत्र जीमूतवाहनाने पित्याची अनुज्ञा घेऊन वृक्षापुढे हात जोडले आणि मागणे मागितले की, पृथ्वीवर कोणी दरिद्री राहू नये. तुला मी जगाला देऊन टाकले आहे. वृक्षाने पृथ्वीवर सोने वर्षविले. माणसे सुखी झाली. कांचनपुरात मात्र भाऊबंदांनी हिशेब मांडला की, यांचा कल्पवृक्ष गेला, आता यांना जिंकणे सोपे. जीमूतवाहनाने राज्यासाठी नातलगांचे रक्त सांडण्यास नकार दिला आणि आईबापांना घेऊन तो दक्षिणेस मलय पर्वतावर राहावयास गेला. सुवर्णयुग पडले पृथ्वीवर. ज्यांनी ते दिले, ते घराबाहेर पडले.

पुढची हकिगत श्रीहर्षाच्या 'नागानंद' नाटकामुळे अधिक परिचित आहे. समुद्रकाठी हाडांचे ढीग दिसले. गरुडाला रोज एक नाग द्यावा असा करार होता आणि त्या दिवशी शंखचूड नावाच्या नागाची पाळी होती. त्याची म्हातारी आई रडत होती. जीमूतवाहन त्याच्या जागी वध्यशिलेवर जाऊन बसला आणि गरुडाने त्याला खाल्ले. चूक ध्यानी आल्यावर गरुड ओशाळला, गौरीने अमृत शिंपून जीमूतवाहनाला उठविले, मेलेले नागही उठले, आणि तो विद्याधरांचा चक्रवर्ती झाला.

ही कथा कथाच राहती, तर इतिहासाच्या या लेखात तिला इतकी जागा दिली नसती. परंतु महाराष्ट्रातील एका राजवंशाने आपल्या ताम्रपटांत आपण या जीमूतवाहनाचे वंशज असल्याचे लिहून ठेवले आहे. ते शिलाहार. इसवी सनाच्या आठव्या शतकापासून तेराव्या शतकापर्यंत उत्तर कोकण, दक्षिण कोकण आणि कोल्हापूर या तीन भागांत त्यांच्या शाखांनी राज्य केले. शिलाहार म्हणजे शिलेवरचा आहार. वंशाचे नावच त्या वध्यशिलेवरून आल्याचे मानले जाते. ते स्वतःस तगरपूरचे अधीश्वर म्हणवीत, आणि तगर म्हणजे आमच्याच मराठवाड्यातील, धाराशिव जिल्ह्यातील तेर. अलिबागजवळील आक्षीचा शके ९३४ चा, म्हणजे १०१२ सालचा, मराठीतील आद्य लेखांपैकी एक मानला जाणारा शिलालेख त्यांच्या कारकिर्दीतला. अंबरनाथचे शिवमंदिर त्यांचे. त्यावरील लेख शके ९८२ चा. त्यांच्या ध्वजावर सोनेरी गरुड होता. ज्याने पूर्वजाला खाल्ले, त्यालाच ध्वजावर बसविण्यात क्षमा होती की केवळ बलाढ्याशी केलेले सख्य, हे ताम्रपट सांगत नाहीत.

राजांना पूर्वजाचा कल्पवृक्षही आठवला असेल. परंतु पृथ्वीवर दरिद्री राहू नये हे मागणे त्यांच्या बिरुदांत आम्हांस कोठे दिसले नाही. बिरुदे मुलुखाची आणि पराक्रमाची. या विद्याधरकुळाचा शेवट आमच्या डोळ्यांसमोरच्या किल्ल्यातून झाला. देवगिरीचा यादव राजा महादेव याने १२६५ च्या सुमारास उत्तर कोकणचा शेवटचा शिलाहार सोमेश्वर याच्यावर स्वारी केली. सोमेश्वर जहाजांसह समुद्रात गेला आणि बुडाला. महादेवाच्या कोपाग्नीपेक्षा त्याला समुद्र बरा वाटला, अशा आशयाची कोटी यादवांचा मंत्री हेमाद्री याने करून ठेवली आहे. जिंकणाऱ्याच्या कारभाऱ्याला विनोद सुचतोच. बोरिवलीजवळ एक्सर येथे जे वीरगळ आहेत, त्यांवर जहाजांची लढाई कोरलेली आहे. अनेक अभ्यासक तिचा संबंध या युद्धाशी जोडतात. त्या दगडांच्या वरच्या पट्टीत मेलेला वीर स्वर्गात गेलेला दिसतो आणि त्याच्या स्वागताला हवेतून माळा येतात.

आता गुणाढ्याच्या शिष्यांनी वाचविलेला तो चक्रवर्ती. नरवाहनदत्त हा कौशांबीच्या उदयन राजाचा आणि वासवदत्तेचा मुलगा, जन्माने माणूस. मानसवेग नावाच्या विद्याधराने त्याची पत्नी मदनमंचुका पळविली, तिच्या शोधात तो विद्याधरांच्या देशात गेला आणि कैलासाच्या अलीकडचे व पलीकडचे अशी दोन्ही राज्ये जिंकून त्यांचा सम्राट झाला. (ही मदनमंचुका काश्मिरी ग्रंथात राजकन्येची मुलगी आहे, नेपाळी ग्रंथात गणिकेची. कोणते रूप आधीचे असावे याचा तर्क वाचकांनीच करावा.) ऋषभ पर्वतावर अभिषेक झाला. पित्याला सन्मानाने वर नेण्यात आले. काही दिवस दिव्य भोग झाल्यावर उदयन मुलाला म्हणाला की, हे सारे कोणाला आवडणार नाही. पण माणसाला आपला मुलूख ओढतो. तू अर्धा देव आहेस, तुला हे मानवेल. आम्ही आपल्या गावी जातो. आणि तो कौशांबीस परतला. अख्ख्या ग्रंथात आम्हांस अतिशय प्रिय असलेल्या जागांपैकी ही एक.

वाचकाला वाटते, आता सम्राटाच्या राज्याचे वर्णन येईल. ज्याच्यासाठी पंधरा लंबक खर्ची पडले, ते सुवर्णयुग आता दिसेल. सोमदेव ते दाखवीतच नाही. पुढचा लंबक उघडतो तो मृत्यूच्या बातम्यांनी. आजोबा चंडमहासेन गेले. उदयनाने राज्य सोडून कालंजर पर्वतावरून राण्यांसह देह टाकला. विद्याधरांचा चक्रवर्ती आईबापांसाठी रडला, आणि पावसाळ्याचे दिवस काढण्यासाठी असितगिरीवर कश्यप ऋषीच्या आश्रमात राहणाऱ्या मामाकडे, गोपालकाकडे गेला. नेपाळी ग्रंथात तर सारी कथा त्या आश्रमातच, ऋषींनी विचारल्यावरून, तो स्वतः सांगतो.

ग्रंथ चाळताना आमच्या हे ध्यानी आले, आणि याच कारणाने हा लेख लिहावासा वाटला. विद्याधरांच्या सुवर्णयुगाची कथा सिंहासनावरून कोणी सांगितलेली नाही. काणभूती सांगतो तो पिशाचाच्या देहातून. गुणाढ्य लिहितो तो भाषा हरवून, रानात. सूर्यमती ऐकते ती घराची राख होत असताना. खुद्द सम्राट बोलतो तो सुतकात, परक्याच्या आश्रमात. जे त्या युगात सुखाने नांदत होते, त्यांच्यापैकी कोणी त्याचे नाव काढत नाही.

हे आम्ही त्या तरुणाला सांगितले, तेव्हा त्याने आपल्या आजोबांची गोष्ट काढली. आजोबांचे गाव नाथसागरात गेले. १९७६ साली जायकवाडीचे धरण पुरे झाले आणि पैठणच्या वरच्या अंगाची अनेक गावे गोदावरीच्या पाण्याखाली गेली. तेथून उठलेली काही कुटुंबे पुढे चिकलठाण्याच्या कारखान्यांच्या आधाराने मुकुंदवाडीकडे सरकली. म्हातारी माणसे एकत्र आली की, बुडालेल्या गावाचे वर्णन सुरू होते: काळी जमीन, बारमाही विहिरी, जत्रा, आंब्याची राई. ऐकताना वाटावे, कांचनपूरच. आजोबा मात्र त्या वर्णनात भाग घेत नाहीत. त्यांचे घर गावकुसाबाहेर होते आणि त्या बारमाही विहिरीवर त्यांना चढू देत नसत. एकदाच ते म्हणाले होते, "गाव बुडालं तवा वेशीच्या आतलं नि भायेरचं पाणी येकच झालं."

तेव्हा त्या तरुणाला नरवाहनदत्ताच्या कारकिर्दीतील जी एक गोष्ट सोमदेवाने सविस्तर दिली आहे, ती सांगणे आम्हांस प्राप्त झाले. आश्रमात सम्राटापुढे एक खटला येतो. उज्जयिनीचा राजपुत्र अवंतिवर्धन याच्या पत्नीला, सुरतमंजरीला, पळवून नेणारा इत्यक नावाचा विद्याधर पकडला गेला आहे. सम्राट साक्षी घेतो आणि निकाल राजपुत्राच्या बाजूने देतो. साक्षींतून सुरतमंजरीच्या लग्नाची हकिगत बाहेर पडते. ती उज्जयिनीच्या चांडाळवस्तीतली, उत्पलहस्त नावाच्या मातंगाची मुलगी. गजशाळेतून सुटलेल्या हत्तीला तिने हाताच्या स्पर्शाने शांत केले आणि राजपुत्र तिच्यावर भाळला. राजाने मुलगी मागण्यास माणसे पाठविली. उत्पलहस्त म्हणाला, जो या नगरीतील अठरा हजार ब्राह्मणांना माझ्या घरी जेवू घालील, त्याला मी मुलगी देईन.

अट ऐकून तरुण सावरून बसला. ब्राह्मण अडचणीत सापडले. त्यांनी महाकालाला साकडे घातले, तेव्हा देवाने स्वप्नात सांगितले की, हा मातंग मुळात विद्याधर आहे, त्याच्याकडे जेवा. नरवाहनदत्त सम्राट होण्याआधीच त्याला मारण्याचे काम धन्याने याच्यावर सोपविले होते, म्हणून शंकराच्या शापाने तो बायकोमुलीसह चांडाळवस्तीत येऊन पडला होता. अठरा हजार ब्राह्मण त्याच्या घरी जेवले की त्याचा शाप सुटणार होता.

हे सांगत असता आम्हांस कथेचे कौतुकही वाटत होते आणि संकोचही. एवढ्या जुन्या काळी कोणा कथाकाराला ही अट सुचावी, पंगत चांडाळवस्तीत मांडण्याचे धाडस त्याने करावे, आणि मग तो कोणी साधा मातंग नसून शापित विद्याधर आहे असे सांगून साऱ्यांची सुटका करावी! हात घालून दार ढकलायचे आणि उंबऱ्यापाशी थांबायचे, असे काहीसे ते झाले आहे. गुणाढ्याच्या पैशाचीतही ते असेच होते, की संस्कृतात येताना असे झाले, हे त्या जळालेल्या पोथीबरोबर गेले.

तरुणाने विचारले, "मग जेवले का ते त्याच्या घरी?"

आम्ही पुस्तक उघडून पाहिले. ब्राह्मण राजाकडे गेले आणि म्हणाले, उत्पलहस्ताने चांडाळवस्तीबाहेर एखाद्या जागी शुद्ध अन्न शिजवावे, म्हणजे आम्ही त्याच्या हातचे जेवू. राजाने वस्तीबाहेर एक घर बांधून दिले, तेथे स्वयंपाक झाला आणि अठरा हजार पाने उठली. शापाने ती पंगत चालवून घेतली. उत्पलहस्त विद्याधर होऊन आकाशात गेला.

"आणि त्या वस्तीतले बाकीचे?" तो म्हणाला.

त्यांच्याविषयी ग्रंथात एकही श्लोक नाही.